सुरक्षित शस्त्रक्रिया : अल्प उत्पन्नाच्या देशांतील अनुभव व त्यांपासून मिळणारा बोध

शस्त्रक्रिया ही मोठ्या शहरांतील सुसज्ज रुग्णालयांची बाब आहे आणि गरीब देशांनी प्रथम लसीकरण, पिण्याचे शुद्ध पाणी, हिवताप व क्षय यांकडे लक्ष द्यावे, असा समज सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात दीर्घकाळ रूढ होता. हा समज पूर्णपणे चुकीचा नव्हता. पण तो अपुरा होता. अडलेली बाळंतीण, आतडे पिळले गेलेला शेतकरी, झाडावरून पडून मांडीचे हाड बाहेर आलेला मजूर यांना वाचविण्यासाठी लस किंवा गोळी उपयोगी पडत नाही. त्यांना शस्त्रक्रियाच हवी असते, ती काही तासांच्या आत हवी असते आणि ती सुरक्षित हवी असते. जागतिक आरोग्य संघटनेचे तत्कालीन महासंचालक डॉ. हाफडन मालर यांनी १९८० साली मेक्सिको शहरात शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे बोलताना, प्राथमिक आरोग्यसेवेत शस्त्रक्रियेचे स्थान महत्त्वाचे आहे, असे स्पष्टपणे सांगितले होते. परंतु या विचाराला धोरणाचे रूप येण्यास आणखी पस्तीस वर्षे जावी लागली. मे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने तातडीच्या व अत्यावश्यक शस्त्रक्रिया आणि भूल यांचा सार्वत्रिक आरोग्यसेवेत अंतर्भाव करण्याचा ठराव संमत केला.

शस्त्रक्रिया उपलब्ध करून देणे हा प्रश्नाचा एक भाग झाला. उपलब्ध झालेली शस्त्रक्रिया रुग्णाच्या जिवावर बेतू नये, हा दुसरा भाग होय. प्रस्तुत लेखात मुख्यतः या दुसऱ्या भागाचा विचार केला आहे. गेल्या काही वर्षांत आफ्रिका, आशिया व अन्य प्रदेशांतील साध्या रुग्णालयांतून या विषयावर पुष्कळ काम झाले. त्यांतील काही उपाय यशस्वी ठरले, काही निष्फळ ठरले. तालुका व जिल्हा पातळीवरील रुग्णालयांत काम करणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना, परिचारिकांना व तंत्रज्ञांना या दोन्ही प्रकारच्या अनुभवांपासून शिकण्यासारखे बरेच आहे.

प्रश्नाचा आवाका

जगातील शस्त्रक्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या ‘लॅन्सेट’ आयोगाचा अहवाल एप्रिल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. या आयोगाच्या अंदाजाप्रमाणे जगातील सुमारे ५ अब्ज लोकांना गरजेच्या वेळी सुरक्षित व परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नव्हती. जगात दरवर्षी होणाऱ्या सुमारे ३१ कोटी ३० लाख शस्त्रक्रियांपैकी केवळ ६ टक्के शस्त्रक्रिया सर्वांत गरीब देशांत होत होत्या. वस्तुतः जगाच्या लोकसंख्येपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोक त्या देशांत राहतात. ही तूट भरून काढावयाची तर दरवर्षी आणखी १४ कोटी ३० लाख शस्त्रक्रिया करणे आवश्यक होते. शस्त्रक्रिया व भूल यांच्या खर्चामुळे वर्षाकाठी ३ कोटी ३० लाख लोकांवर घरदार मोडण्याची पाळी येते, असेही आयोगाने दाखवून दिले.

या आयोगाने एक साधी कसोटी सुचविली. ज्या रुग्णालयात सिझेरियन शस्त्रक्रिया, पोट उघडून करावयाची शस्त्रक्रिया आणि उघड्या अस्थिभंगावरील उपचार हे तिन्ही होऊ शकतात, तेथे बहुतेक इतर अत्यावश्यक शस्त्रक्रियाही होऊ शकतात. प्रत्येक नागरिकाला असे रुग्णालय दोन तासांच्या अंतरावर असावे, ही अपेक्षा त्यातून निघाली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, ही तिन्ही कामे मोठ्या राजधानीतील संस्थांची नव्हेत. ती जिल्हा रुग्णालयाच्या पातळीची आहेत. म्हणूनच सुरक्षिततेचा प्रश्नही मुख्यतः जिल्हा रुग्णालयातच सोडवावा लागतो.

मृत्यू केव्हा होतो?

शस्त्रक्रियेतील धोका म्हणजे शस्त्रक्रियागृहातील धोका, असे सामान्यतः मानले जाते. आफ्रिका खंडातील २५ देशांच्या २४७ रुग्णालयांत २०१६ साली झालेल्या एका मोठ्या पाहणीने या समजुतीला धक्का दिला. प्रत्येक रुग्णालयाने एका आठवड्यात शस्त्रक्रिया झालेल्या सर्व रुग्णांची नोंद ठेवली. असे एकूण ११,४२२ रुग्ण होते. या रुग्णांचे सरासरी वय ३८ वर्षांच्या आसपास होते आणि त्यांपैकी बहुतेकांना अन्य मोठे आजार नव्हते. श्रीमंत देशांत शस्त्रक्रिया होणारे रुग्ण यांहून बरेच वयस्कर व दुर्धर व्याधी असलेले असतात. असे असूनही आफ्रिकेतील रुग्णांत मृत्यूचे प्रमाण २.१ टक्के आढळले. म्हणजे जागतिक सरासरीच्या दुप्पट.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीतील सर्वांत बोधप्रद आकडा मात्र वेगळाच आहे. एकूण २३९ मृत्यूंपैकी २२५, म्हणजे ९४ टक्के मृत्यू, शस्त्रक्रियेचा दिवस उलटल्यानंतर झाले होते. हे रुग्ण शस्त्रक्रियागृहातून जिवंत बाहेर आले होते. त्यांना पुढे जंतुसंसर्ग झाला, रक्तस्राव झाला, श्वासाचा त्रास सुरू झाला. आणि तो वेळेवर कोणाच्या लक्षात आला नाही किंवा लक्षात आल्यावर उपचार करणारे हात पुरेसे नव्हते. या देशांत शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ व भूलतज्ज्ञ या तिघांची मिळून संख्या दर लाख लोकसंख्येमागे सरासरीने एकही भरत नव्हती. लॅन्सेट आयोगाच्या मते ती किमान २० असावयास हवी.

याच पाहणीतील सिझेरियन शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांचा स्वतंत्र अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. २२ देशांतील ३,६८४ मातांपैकी २० माता दगावल्या. दर हजारी पाच-साडेपाच हे प्रमाण श्रीमंत देशांतील प्रमाणाच्या सुमारे ५० पट होते. बाळंतपणासाठी आलेली, एरवी धडधाकट असलेली तरुण स्त्री ही शस्त्रक्रियेच्या टेबलावरची सर्वांत सामान्य रुग्ण होय. तिच्या मृत्यूने एक संसार उघडा पडतो आणि मागे राहिलेल्या मुलांच्या जिवालाही धोका पोहोचतो. सुरक्षिततेचे सर्व उपाय या पार्श्वभूमीवर पाहावयास हवेत.

एकोणीस बाबींची पडताळणी-सूची

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एक पडताळणी-सूची जाहीर केली. या उपक्रमाचे नेतृत्व अमेरिकेतील शल्यचिकित्सक डॉ. अतुल गावंडे यांच्याकडे होते. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे हे मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उटी या गावचे. विमान उडविण्यापूर्वी वैमानिक ज्याप्रमाणे ठराविक गोष्टी मोठ्याने वाचून तपासतात, त्याच धर्तीवर ही सूची तयार करण्यात आली. ती एका कागदावर मावते, तिच्यात १९ बाबी आहेत आणि त्यांचे तीन टप्पे आहेत.

पहिला टप्पा भूल देण्यापूर्वीचा. रुग्ण तोच आहे ना, शस्त्रक्रिया कोणती, शरीराच्या कोणत्या बाजूस, संमती घेतली आहे का, जागेवर खूण केली आहे का, भुलीचे यंत्र व औषधे तपासली आहेत का, रक्तातील प्राणवायू दाखविणारा पल्स ऑक्सिमीटर लावला असून चालू आहे का, रुग्णाला कशाची ॲलर्जी आहे का, श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाईल का, आणि ५०० मिलिलिटरहून अधिक रक्तस्राव होण्याचा संभव आहे का, हे या वेळी पाहावयाचे असते.

दुसरा टप्पा त्वचेवर छेद घेण्यापूर्वीचा. या वेळी उपस्थित असलेल्या प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावयाचे असते. रुग्णाचे नाव, शस्त्रक्रिया व छेदाची जागा पुन्हा एकदा सर्वांसमक्ष उच्चारली जाते. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी द्यावयाचे प्रतिजैविक गेल्या ६० मिनिटांत दिले आहे का, अवघड प्रसंग कोणता उद्भवू शकेल, उपकरणे निर्जंतुक झाल्याची खात्री आहे का, आवश्यक ती क्ष-किरण छायाचित्रे समोर लावली आहेत का, हे विचारले जाते.

तिसरा टप्पा रुग्ण शस्त्रक्रियागृहातून बाहेर नेण्यापूर्वीचा. उपकरणे, गॉजचे तुकडे व सुया यांची मोजणी पूर्ण झाल्याचे परिचारिकेने मोठ्याने सांगावयाचे असते. तपासणीसाठी काढलेल्या भागावर रुग्णाचे नाव लिहिले आहे का, कोणते उपकरण बिघडले आहे का, आणि पुढील देखरेखीत कशाची काळजी घ्यावयाची, हे शेवटी ठरते.

या सूचीची पहिली कसोटी सिॲटल, टोरोंटो, लंडन, ऑकलंड, अम्मान, नवी दिल्ली, मनिला व टांझानियातील इफाकारा अशा आठ ठिकाणच्या रुग्णालयांत झाली. जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सूची वापरण्यापूर्वीच्या ३,७३३ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण १.५ टक्के होते, तर नंतरच्या ३,९५५ रुग्णांत ते ०.८ टक्के झाले. गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. कमी उत्पन्नाच्या ठिकाणी लाभ अधिक ठळक होता. तेथे मृत्यूचे प्रमाण २.१ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आले.

सूचीतील कोणतीही बाब नवी नव्हती. प्रत्येक प्रशिक्षित शल्यचिकित्सकाला व परिचारिकेला ती ठाऊक होती. परंतु ठाऊक असणे आणि प्रत्येक रुग्णाच्या वेळी, रात्री दोन वाजताही, न चुकता करणे, या दोहोंत अंतर असते. ते अंतर कमी करणे हेच सूचीचे कार्य होय. शिवाय शस्त्रक्रियागृहात ज्येष्ठ व कनिष्ठ यांच्यात मोठे अंतर असते. गॉजचा एक तुकडा कमी भरतो आहे, हे तरुण परिचारिकेच्या ध्यानात आले तरी मोठ्या डॉक्टरांना टाके घालताना थांबविण्यास ती कचरते. मोजणी सांगणे हे तिच्यावर सूचीनेच सोपविलेले काम झाले, म्हणजे तो तिचा उद्धटपणा ठरत नाही. आरंभी सर्वांनी आपापली नावे सांगण्यामागेही हाच हेतू आहे. एकदा ज्याने तोंड उघडले आहे, तो पुढे गरज पडल्यास बोलण्याचा संभव अधिक असतो.

सूचीच्या मर्यादा

या प्रारंभीच्या यशानंतर अनेक देशांनी सूची सक्तीची केली. त्याचे सर्वत्र सारखे फळ मिळाले नाही. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांनी ती स्वीकारली. पण २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय घट आढळली नाही. उलट, अमेरिकेतील साऊथ कॅरोलायना राज्यात ज्या १४ रुग्णालयांनी स्वेच्छेने पूर्ण प्रशिक्षणक्रम पार पाडला, तेथे मृत्यूचे प्रमाण घटल्याचे २०१७ साली दिसून आले. परिपत्रकाने आलेली सूची आणि समजून घेतलेली सूची यांतला फरक या दोन अनुभवांतून स्पष्ट होतो. शस्त्रक्रिया आटोपल्यावर एकाच व्यक्तीने कोपऱ्यात बसून सर्व चौकोनांत खुणा केल्या, तर कागद पूर्ण होतो. पण रुग्णाचे रक्षण होत नाही.

याहून गंभीर मर्यादा उत्तर प्रदेशातील अनुभवाने दाखविली. तेथील १२० प्रसूतिकेंद्रांत सुरक्षित बाळंतपणासाठी अशाच प्रकारच्या सूचीचा व प्रत्यक्ष मार्गदर्शनाचा प्रयोग झाला. दीड लाखांहून अधिक प्रसूतींचा त्यात समावेश होता. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे कर्मचाऱ्यांच्या कामाची पद्धत सुधारली, हात धुण्यासारख्या सवयी वाढल्या. परंतु माता व नवजात बालके यांच्या मृत्यूंत घट झाली नाही. सूची माणसाला आठवण करून देते. जेथे रक्त, औषधे, तज्ज्ञ व वरच्या रुग्णालयात पोहोचविण्याची सोय नाही, तेथे केवळ आठवण अपुरी पडते.

भूल व प्राणवायू

भूल दिलेल्या रुग्णाच्या रक्तातील प्राणवायू घटू लागला, तर ते डोळ्यांनी ओळखेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. ओठ व नखे निळी दिसू लागतात, तेव्हा हाताशी फार थोडा वेळ उरतो. काळसर त्वचेच्या रुग्णात व मंद प्रकाशात हे ओळखणे अधिकच कठीण जाते. बोटाला चिमट्याप्रमाणे लावावयाचा पल्स ऑक्सिमीटर ही घट आधीच दाखवितो. श्रीमंत देशांत १९८० नंतरच्या दशकात या उपकरणाचा सर्रास वापर सुरू झाला. परंतु २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगातील सुमारे ७७,००० शस्त्रक्रियागृहांत ते नव्हते. ही उणीव दूर करण्यासाठी २०११ साली ‘लाईफबॉक्स’ ही संस्था स्थापन झाली. तिने टिकाऊ व अल्प किमतीचे ऑक्सिमीटर पुरविण्याबरोबरच ते वापरण्याचे शिक्षणही दिले.

मोल्दोव्हा देशाच्या राजधानीतील एका रुग्णालयात ऑक्सिमीटर व पडताळणी-सूची यांचा एकत्र अवलंब करण्यात आला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे गुंतागुंतीचे प्रमाण २१.५ टक्क्यांवरून ८.८ टक्क्यांवर आले आणि प्राणवायू घटण्याचे प्रसंग जवळजवळ निम्म्यावर आले.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. उपकरण आले म्हणजे सुरक्षितता आली, असे होत नाही. १६ गरीब देशांतील एक लाखाहून अधिक वैद्यकीय उपकरणांच्या नोंदी तपासल्या असता जवळजवळ ४० टक्के उपकरणे बंद असल्याचे २०११ साली आढळून आले. सुटे भाग न मिळणे, दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ नसणे, विजेचा दाब कमी-जास्त होणे, वापरणाऱ्यास शिक्षण न मिळणे ही याची कारणे होत. देणगी म्हणून आलेले महाग यंत्र गंजत पडते आणि आढावा घेताना मात्र ‘उपलब्ध’ या सदरात मोजले जाते. खरेदीच्या वेळीच देखभालीची तरतूद करणे हा यावरील उपाय आहे.

जखमेतील जंतुसंसर्ग

शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळणे ही गरीब देशांतील सर्वांत मोठी नित्याची अडचण आहे. ६६ देशांतील १२,५३९ रुग्णांच्या पोटाच्या शस्त्रक्रियांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. उच्च उत्पन्नाच्या देशांत जखमेतील संसर्गाचे प्रमाण ९.४ टक्के, मध्यम उत्पन्नाच्या देशांत १४ टक्के, तर अल्प उत्पन्नाच्या देशांत २३.२ टक्के होते. जखम चिघळली की रुग्णालयातील मुक्काम वाढतो, मजुरी बुडते, प्रतिजैविकांचा खर्च वाढतो आणि त्यांना दाद न देणारे जंतूही वाढीस लागतात.

यावरील उपायांत प्रथम क्रमांक लागतो तो प्रतिजैविक योग्य वेळी देण्याचा. छेद घेताना औषध शरीरात पोहोचलेले असावे लागते. अनेक रुग्णालयांत मात्र शस्त्रक्रियेनंतर पाच-सात दिवस इंजेक्शने देण्याची प्रथा असते. केनियातील थिका येथील रुग्णालयात ही प्रथा बदलून शस्त्रक्रियेपूर्वी एकच मात्रा देण्याचे धोरण अवलंबिले गेले. त्यामुळे जखमेच्या वरच्या थरातील संसर्ग घटला आणि औषधांवरील व सुया-सिरिंजांवरील खर्चही वाचला. कमी औषधात अधिक गुण, असा हा अनुभव २०१३ साली प्रसिद्ध झाला.

दुसरा अनुभव इथिओपियातील आहे. तेथील पाच रुग्णालयांत हात व त्वचा यांची स्वच्छता, अंगरखे व चादरी फाटलेल्या नसणे, उपकरणे खरोखरच निर्जंतुक झाल्याची खात्री, प्रतिजैविकाची वेळ, गॉजची मोजणी व पडताळणी-सूचीचा वापर या सहा गोष्टींवर एकाच वेळी लक्ष केंद्रित करण्यात आले. बाहेरून पथक येऊन आदेश देण्याऐवजी रुग्णालयातील कर्मचाऱ्यांनीच आपल्या कामाचे टप्पे कागदावर मांडून दोष कोठे आहे ते शोधले. परिणामी जखमेतील संसर्गाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ साली नोंदविले गेले.

कोणता उपाय उपयोगी आणि कोणता निरुपयोगी, हे ठरविण्यासाठी गरीब देशांतच शास्त्रशुद्ध चाचण्या घेतल्या पाहिजेत, हा विचारही आता मूळ धरू लागला आहे. भारतासह सात देशांतील ५४ रुग्णालयांत ५,७८८ रुग्णांवर एक चाचणी झाली. त्वचेच्या शुद्धीसाठी अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडीन व जंतुनाशकाचा लेप दिलेले महाग टाके यांची तुलना जुन्या पोव्हिडोन आयोडीनशी व साध्या टाक्यांशी करण्यात आली. २०२१ साली हाती आलेला निष्कर्ष असा की, महाग साधनांनी संसर्ग कमी झाला नाही. याउलट, बेनिन, घाना, भारत, मेक्सिको, नायजेरिया, रवांडा व दक्षिण आफ्रिका या सात देशांतील १३,३०१ रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीत एक अगदी साधा उपाय गुणकारी ठरला. पोटाची जखम शिवण्यापूर्वी सर्वांनी हातमोजे बदलावयाचे आणि टाक्यांसाठी उपकरणांचा स्वतंत्र निर्जंतुक संच घ्यावयाचा, इतकाच तो उपाय होता. संसर्गाचे प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. ही चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. घट लहान वाटली तरी तिचा अर्थ असा की, अशा दर हजार रुग्णांमागे सुमारे तीस जणांची जखम चिघळण्यापासून वाचते.

दोंडाईच्याची मच्छरदाणी

स्वस्त साधन म्हणजे हलक्या प्रतीची सेवा, असा एक गैरसमज आढळतो. अंतर्गळाच्या, म्हणजे हर्नियाच्या, शस्त्रक्रियेचे उदाहरण तो दूर करण्यास पुरेसे आहे. पोटाच्या भिंतीतील दुबळी जागा कृत्रिम जाळी बसवून बळकट केली की हर्निया पुन्हा उद्भवण्याचा संभव कमी होतो. परंतु कंपन्यांनी तयार केलेली जाळी गरीब रुग्णाला परवडत नाही. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून त्याची जाळी वापरण्यास आरंभ केला आणि निरनिराळ्या ठिकाणच्या सहकाऱ्यांसह मिळविलेले आपले निष्कर्ष २००३ साली शास्त्रीय नियतकालिकात मांडले.

ही कल्पना पुढे आफ्रिकेत पोहोचली. पूर्व युगांडात ३०२ पुरुष रुग्णांवर काटेकोर तुलनात्मक चाचणी झाली. निम्म्या रुग्णांना मच्छरदाणीच्या कापडाची आणि निम्म्यांना कंपनीची जाळी बसविण्यात आली. वर्षभरानंतर पहिल्या गटात एका रुग्णाला हर्निया पुन्हा झाला, दुसऱ्या गटात कोणालाही झाला नाही. संख्याशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही गट सारखेच ठरले. हे निष्कर्ष जानेवारी २०१६ मध्ये जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. खानदेशातील एका लहान गावी सुरू झालेल्या प्रयोगाला अशा रीतीने कसोटीची जोड मिळाली. येथे महत्त्वाचे आहे ते हेच : साधन स्वस्त होते, पण त्याची परीक्षा स्वस्तात उरकली नव्हती. कापडाची निवड, निर्जंतुकीकरण व रुग्णाचा पाठपुरावा यांत कसलीही सूट घेण्यात आली नव्हती. बाजारातील कोणतीही मच्छरदाणी कापून वापरावी, असा याचा अर्थ कोणीही घेऊ नये.

मनुष्यबळ

पुरेसे तज्ज्ञ तयार होईपर्यंत काय करावयाचे, या प्रश्नाला मोझांबिकने धाडसी उत्तर दिले. डॉक्टरांची तीव्र टंचाई असताना त्या देशाने १९८४ साली अनुभवी आरोग्य कर्मचाऱ्यांना तीन वर्षांचे शस्त्रक्रियेचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला. पुढे जिल्हा रुग्णालयांतील बहुतेक सिझेरियन शस्त्रक्रिया हेच तंत्रज्ञ करू लागले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की, सात वर्षांनंतर जिल्हा रुग्णालयांत नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही तेथे उरला नव्हता, तर तंत्रज्ञांपैकी ८८ टक्के तेथेच काम करीत होते. भारतातही भूलतज्ज्ञांची उणीव भरून काढण्यासाठी एम.बी.बी.एस. डॉक्टरांना तातडीच्या प्रसूतिसेवेपुरते भूल देण्याचे १८ आठवड्यांचे शिक्षण देण्याची योजना आखली गेली. अशा योजनांचे यश शिक्षणानंतर मिळणाऱ्या देखरेखीवर अवलंबून असते. शिक्षण देऊन एकाकी सोडलेला कर्मचारी लवकरच त्या कामापासून दूर जातो.

शस्त्रक्रियेनंतरच्या देखरेखीबाबतही हेच म्हणता येईल. अधिक धोका असलेले रुग्ण हेरून त्यांच्यावर विशेष लक्ष ठेवावे, त्यांना परिचारिकांच्या नजरेसमोरची खाट द्यावी, असा प्रयोग आफ्रिकेतील २८ देशांच्या ३३२ रुग्णालयांत झाला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मृत्यूंचे प्रमाण घटलेले दिसले नाही. म्हणजे देखरेख व्यर्थ आहे असे नव्हे. एका परिचारिकेवर रात्रपाळीत वीस-तीस रुग्णांचा भार असेल, तर विशेष लक्ष देण्याची सूचना कागदावरच राहण्याचा संभव असतो. हाताची संख्या वाढविल्याविना केवळ सूचना वाढविण्यास मर्यादा आहेत, हा या निष्फळ प्रयोगाचाही बोध म्हणावा लागेल.

नोंद आणि आत्मपरीक्षण

जे मोजले जात नाही, ते सुधारत नाही. शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात झालेल्या मृत्यूंचे प्रमाण नियमितपणे नोंदविण्याची शिफारस लॅन्सेट आयोगाने केली आहे. त्यासाठी संगणक असलाच पाहिजे असे नाही. शस्त्रक्रियागृहाच्या नोंदवहीत आणखी दोन रकाने आखले, एक जखमेतील संसर्गासाठी व दुसरा घरी जाताना रुग्णाच्या स्थितीसाठी, आणि महिन्याकाठी त्यांची बेरीज केली, तरी आरंभ होतो. मात्र ही नोंद दोषी व्यक्ती शोधण्यासाठी आहे असे कर्मचाऱ्यांना वाटले, तर ती खोटी होऊ लागते. ‘कोण चुकले?’ याऐवजी ‘कोणत्या टप्प्यावर चुकले?’ असा प्रश्न मासिक बैठकीत विचारला जाणे अगत्याचे आहे. इथिओपिया, झांबिया, टांझानिया, रवांडा आदी देशांनी शस्त्रक्रियेसाठी राष्ट्रीय योजना तयार केल्या. त्यांतही गुणवत्तेच्या नोंदीला स्थान देण्यात आले आहे.

सारांश

वरील विवेचनातून रुग्णालयांच्या दैनंदिन कामासाठी पुढील गोष्टी निष्पन्न होतात.

(१) पडताळणी-सूची प्रत्येक शस्त्रक्रियेच्या वेळी मोठ्याने वाचावी. ती वाचण्याचे काम परिचारिकेकडे सोपवावे व ज्येष्ठ डॉक्टरांनी स्वतः थांबून तिला उत्तर द्यावे.

(२) संसर्ग टाळण्यासाठीचे प्रतिजैविक छेदापूर्वीच्या ६० मिनिटांत द्यावे. शस्त्रक्रियेनंतर ते कारणाविना चालू ठेवू नये.

(३) पल्स ऑक्सिमीटर चालू नसल्यास, जीव वाचविण्याची निकड वगळता, भूल देऊ नये.

(४) पोटाच्या शस्त्रक्रियेत जखम शिवण्यापूर्वी हातमोजे बदलावेत व उपकरणांचा स्वतंत्र निर्जंतुक संच वापरावा. मोजणीचा वेगळा संच रोज तयार ठेवण्याची जबाबदारी निश्चित करावी.

(५) शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस हाच खरा धोक्याचा काळ आहे, हे ध्यानात ठेवून नाडी, रक्तदाब, श्वास, ताप व लघवीचे प्रमाण यांची नोंद रात्रपाळीतही ठेवावी. सिझेरियन झालेल्या स्त्रीच्या रक्तस्रावाकडे विशेष लक्ष द्यावे.

(६) बंद पडलेल्या उपकरणांची यादी दर महिन्यास अद्ययावत करून वरिष्ठांकडे पाठवावी.

(७) मृत्यू व जंतुसंसर्ग यांची नोंद ठेवून मासिक बैठकीत तिचा निर्भयपणे विचार करावा.

या सात गोष्टींपैकी बहुतेकींना फारसा पैसा लागत नाही. शिस्त, परस्परविश्वास व सातत्य मात्र लागते. जेथे पैसा व मनुष्यबळ यांचीच उणीव आहे, तेथे ती नोंदींच्या आधारे शासनापुढे स्पष्टपणे मांडणे हेही रुग्णाच्या सुरक्षिततेचेच काम आहे. जिल्हा रुग्णालयाच्या दारात येणारा रुग्ण बहुधा दुसरीकडे कोठे जाऊ शकत नाही. त्याला मिळणारी शस्त्रक्रिया सुरक्षित असावी, ही त्याची अपेक्षा रास्त आहे, आणि अल्प साधनांतही ती बऱ्याच अंशी पुरी करता येते, असे निरनिराळ्या देशांच्या अनुभवावरून दिसून येते.